बीएसए एम२०: उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल क्रँककेसमध्ये उतरतं, पुस्तक वाचता येत नसताना त्याचा छडा कसा लावायचा

बीएसए एम२० ही जुनी ब्रिटिश मोटारसायकल आठ-दहा दिवस उभी राहिली की किक जड लागते. कशीबशी सुरू झाली तर मागे निळसर-पांढऱ्या धुराचा ढग, स्पार्क प्लग ऑइलने माखलेला, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइलच्या पिचकाऱ्या आणि गाडीखाली थारोळं. ऑइलच्या टाकीत डोकावलं तर तळ दिसतो. पाच-दहा मिनिटं चालली की सगळं आपोआप ठीक होतं, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रकार पुन्हा.

हा आजार रिंगांचा नाही, सिलिंडरचाही नाही. टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीत, उतरलेलं असतं. जाणकार याला ‘वेट संपिंग’ म्हणतात. एम२० ला हा जुना रोग आहे, पण ऑइलची टाकी पंपाच्या वर असलेल्या कुठल्याही ब्रिटिश सिंगलला (एका सिलिंडरच्या गाडीला) तो होतो. बुलेटची ऑइलची टाकी क्रँककेसच्या पोटातच असते, तरी जुन्या बुलेटवाल्यांना हा धूर ओळखीचा असतो.

एम२० म्हणजे ४९६ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह सिंगल इंजिन, बोअर ८२ मिमी आणि स्ट्रोक ९४ मिमी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने हे मोठ्या संख्येने वापरलं आणि युद्धानंतर शिल्लक मालातून आपल्याकडेही विकलं गेलं. आज जी इंजिनं हातात येतात त्यांच्यासोबत दुरुस्तीचं पुस्तक असलंच तर ते फोटोकॉपीच्या फोटोकॉपीची फोटोकॉपी असतं. ऑइलच्या डागात आकृती बुडालेली आणि दशांशाचं टिंब उडालेलं. ०.०१० इंच आणि ०.१० इंच यांत दहापटीचा फरक आहे, आणि टिंबाशेजारचं शून्य पुसलं की नेमकी हीच चूक होते. म्हणून खालची पद्धत पुस्तकावर अवलंबून नाही. इंजिनच काय ते सांगतं, फक्त मोजून घ्यायचं.

ऑइल कुठून कुठे जातं

टाकीच्या तळातून ऑइल निघतं आणि टायमिंग बाजूला क्रँककेसच्या तळात बसलेल्या गिअर पंपात येतं. या पंपात गिअरच्या दोन जोड्या असतात. अरुंद गिअरची जोडी फीडची, ती ऑइल क्रँकच्या बिग एंडकडे (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगकडे) ढकलते. रुंद गिअरची जोडी रिटर्नची, ती संपमध्ये, म्हणजे क्रँककेसच्या तळात, गळून पडलेलं ऑइल उचलून टाकीत परत पाठवते. रिटर्नची जोडी मुद्दाम मोठी ठेवलेली असते, म्हणजे इंजिन चालू असताना संप कोरडाच राहावा. हातात सुटा पंप आला आणि कुठली बाजू कुठली ते कळत नसेल, तर गिअरची रुंदी मोजा.

या वाटेवर दोन छर्रे आहेत आणि सगळा गोंधळ त्या दोघांत होतो.

पहिला फीडच्या वाटेवर, पंपाच्या पुढे. पाव इंचाचा छर्रा, मागे हलकी स्प्रिंग. इंजिन बंद असताना टाकीतलं ऑइल क्रँककडे जाऊ नये, एवढंच त्याचं काम. दुसरा रिटर्नच्या वाटेवर, संपमधून ऑइल खेचणाऱ्या नळीत. त्याला स्प्रिंग नाही, तो स्वतःच्या वजनाने बसतो आणि रिटर्न नळीतलं ऑइल उलटं खाली येऊ देत नाही.

पहिला बिघडला की गाडी उभी असताना क्रँककेस भरतो. दुसरा अडकला, किंवा रिटर्नची बाजू दमली, की गाडी चालू असतानाच क्रँककेस भरतो. बाहेरून धूर दोन्हीकडे सारखाच. इलाज मात्र वेगळा, आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला म्हणूनच हा रोग वर्षानुवर्षं परत येत राहतो.

आधी मोजा, मग पाना उचला

टाकीतली पातळी पाहून निदान करू नका. उभ्या गाडीची पातळी तुम्हाला फसवते. टाकी रिकामी दिसली म्हणून लिटरभर ऑइल ओतलं, गाडी सुरू केली, की रिटर्नचा पंप क्रँककेसमधलं ऑइलही वर पाठवतो. मग टाकी झाकणातून ओसंडते आणि ऑइल मागच्या टायरवर जातं. वळणावर टायरला ऑइल लागलेलं असणं ही थट्टा नाही. टाकी भरण्याआधी संप रिकामा करायचा, हा नियम गाडीच्या आयुष्यभरासाठी.

लागणारं सामान: मिलिलिटरच्या खुणा असलेलं प्लास्टिकचं मोजपात्र, पसरट ट्रे, चिंधी, संपच्या तळपत्रीचं नवं पॅकिंग. टाकीची क्षमता ५ पाइंट, म्हणजे २.८४ लिटर. हा ब्रिटिश पाइंट आहे, ५६८ मिलिचा. अमेरिकन पाइंट धरून हिशेब केला की जवळजवळ अर्धा लिटर कमी पडतं.

पहिलं मोजमाप गरम इंजिनाचं. संप रिकामा करून टाकी भरा, पातळी झाकणाच्या तोंडापासून दोन इंच खाली ठेवा. पंधरा मिनिटं गाडी चालवा. नुसती जागेवर घुरघुरत ठेवू नका, रस्त्यावर न्या. परत आल्यावर इंजिन बंद करा आणि लगेच संपमधलं ऑइल ट्रेत काढा. ड्रेन प्लग असेल तर त्यातून, नसेल तर तळाची पत्री उतरवून. किती निघालं ते लिहून ठेवा. १०० ते १५० मिलि निघालं तर रिटर्नची बाजू ठीक आहे; भिंतींवरून ओघळलेलं एवढं असतंच. ३०० मिलि किंवा जास्त निघालं तर गाडी चालू असतानाच क्रँककेस भरतोय.

दुसरं मोजमाप उभ्या गाडीचं. संप रिकामा करून बंद केलाच आहे, आता इंजिन सुरू न करता चोवीस तास सोडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा आणि मोजा. ३० ते ५० मिलि निघालं तर त्याच्या मागे लागू नका. रात्रीत पाव लिटर किंवा जास्त उतरलं असेल तर फीडचा छर्रा किंवा पंप गळतोय. गरम ऑइल पातळ असतं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन तासांत जास्त उतरतं आणि नंतर वेग मंदावतो. मोजमाप दर वेळी त्याच क्रमाने, गरम इंजिनापासूनच सुरू करा, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही.

तिसरी गोष्ट मोजायची नाही, बघायची. टाकीचं झाकण उघडं ठेवून गाडी सुरू करा आणि रिटर्नच्या नळीच्या तोंडाकडे बघा. सुरुवातीला सलग धार येते, कारण संपमध्ये साठलेलं ऑइल वर येत असतं. मग धार तुटते, हवेचे बुडबुडे मिसळलेलं ऑइल थुंकल्यासारखं येत राहतं. असं तुटक येणं हीच तब्येतीची खूण आहे. मोठा पंप संप कोरडा करून हवा खेचतोय. पाच मिनिटांनंतरही सलग धारच असेल तर संप कधी कोरडा होतच नाही. आणि धार आलीच नाही तर इंजिन ताबडतोब बंद करा.

यात एक बारकावा आहे. पहिल्या मिनिटातलं रिटर्न हे फीड चालू असल्याचा पुरावा नव्हे, ते आधी उतरलेलंच ऑइल असू शकतं. पाच मिनिटांनंतरही थुंकत येत असेल, तर ते फीडमधून क्रँकमार्गे आलेलं ऑइल. बिग एंडला ऑइल पोचतंय हे पाहायची दुसरी सोय या गाडीवर नाही, ना गेज ना दिवा.

पान्यांबद्दल, कारण इथेच नट गोल होतात

हे इंजिन व्हिटवर्थ आणि सायकल थ्रेडचं, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापांच्या नट-बोल्टचं आहे. पान्यावरचा आकडा जबड्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. १/४ व्हिटवर्थचा जबडा ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी. १३ चा पाना बसत नाही, १४ चा फिरतो आणि कोपरे खातो. ५/१६ चा जबडा ०.६०० इंच, १५.२ मिमी, तिथेही १५ बसत नाही, १६ सैल. ३/१६ चा ११.३ मिमी. फक्त ३/८ सोयीचा, ०.७१० इंच, म्हणजे १८ मिमीचा पाना तिथे चालून जातो. अॅडजस्टेबल पाना तळपत्रीच्या नटांवर लावू नका. ते नट लहान असतात आणि स्टड अॅल्युमिनियममध्ये आहेत. स्टड फिरून बाहेर आला तर त्याच्यासोबत धागाही येतो. जुन्या बुलेटवर काम करणाऱ्या मिस्त्रीकडे हे पाने असतात. पुण्याच्या जुन्या बाजारात ढिगात शोधायची चिकाटी असेल तर एकेक करून संच जमतो.

आणखी एक: पंपाला फिरवणारा वर्म (मळसूत्री गिअर) क्रँकच्या टायमिंग बाजूच्या टोकावर बसतो आणि त्याचा थ्रेड उलटा, म्हणजे डाव्या हाताचा आहे. ‘घट्ट बसलाय’ म्हणून नेहमीच्या दिशेने पाइप लावून जोर केला तर तो आणखी आवळला जातो आणि शेवटी काहीतरी मोडतं.

फीडचा छर्रा

दुसऱ्या मोजमापात ऑइल जास्त निघालं तर इथून सुरुवात. टायमिंग कव्हरच्या खालच्या अंगाला क्रँककेसमध्ये बसवलेला स्क्रू-प्लग शोधा. काढल्यावर मागे स्प्रिंग आणि तिच्यामागे छर्रा निघाला तर जागा बरोबर. दुसरं काही निघालं तर जसं निघालं तसं परत बसवा आणि शेजारी पाहा. प्लग उघडण्याआधी आजूबाजूची माती रॉकेल आणि ब्रशने पूर्ण काढा. एक रेतीचा कण आत गेला की हीच दुरुस्ती पुन्हा करावी लागेल.

छर्रा काढला की टाकीतलं ऑइल त्या भोकातून बाहेर येऊ लागेल. ते थांबवायची घाई करू नका, हाच पंपाचा तपास आहे. इंजिन थंड, टाकी भरलेली, आणि घड्याळ समोर. काही सेकंदांनी एक थेंब पडत असेल तर फीडच्या गिअरमध्ये फट कमी आहे आणि पंप निरोगी आहे. दोऱ्यासारखी सलग धार असेल तर गिअर आणि बॉडी झिजलीय. अशा पंपापुढे नवा छर्रा महिना-दोन महिने तग धरतो, मग पुन्हा तेच.

आता सीट. टॉर्च तिरपी धरून भिंगातून बघा. छर्रा बसतो तिथे कडेवर एक बारीक, सलग, चमकदार रेघ हवी. रेघ कुठे तुटलेली, कुठे रुंद किंवा टवका उडालेला दिसला तर गळतीची जागा तीच. कापसाच्या बोळ्याने पेट्रोल लावून सीट पुसा. मग नवा पाव इंचाचा छर्रा सीटवर ठेवा, त्यावर पितळेची सपाट टोकाची दांडी उभी धरा आणि हलक्या हातोडीचा एकच नेमका टोला द्या. केस अॅल्युमिनियमचा आहे. दुसरा टोला देण्याचा मोह आवरा. हा छर्रा फेकून द्या आणि दुसरा नवा बसवा. टोला खाल्लेला छर्रा तंतोतंत गोल राहत नाही.

व्हॉल्व्ह घासायची पेस्ट इथे वापरायची नाही. छर्रा फिरवून घासता येत नाही, सीट रुंद होते आणि पेस्टचे कण ऑइलच्या वाटेने थेट बिग एंडमध्ये जातात.

स्प्रिंगच्या बाबतीत लोक जास्त शहाणपण करतात. ‘गळतंय तर स्प्रिंग कडक करू’ म्हणून तिला ताणतात, मागे वॉशर घालतात, पेनातली स्प्रिंग बसवतात. ही स्प्रिंग मुद्दाम हलकी आहे. कडक स्प्रिंग उघडायला पंपाला जास्त दाब द्यावा लागतो, आणि झिजलेल्या पंपात तेवढं ऑइल पुढे न जाता गिअरच्या फटींतून मागे फिरतं. बिग एंडला कमी मिळतं. स्प्रिंग लांब असेल तर तिचे वेटोळे एकमेकांना टेकतात आणि छर्रा उचललाच जात नाही. गळणारी गाडी धूर काढते. ऑइल न मिळालेली गाडी कनेक्टिंग रॉड क्रँककेसमधून बाहेर काढते. मूळ लांबीची, मूळ जाडीच्या तारेची स्प्रिंगच लावा. नमुना म्हणून जुनी जपून ठेवा, तीच तुमचं पुस्तक.

रिटर्नची बाजू

पहिल्या मोजमापात ३०० मिलिच्या वर निघालं तर छर्ऱ्याकडे जाऊ नका, तळाची पत्री उतरवा. जाळी निघेल. तिच्यावर काळा चिखल, पॅकिंगचे तुकडे, सिलिकॉनचे किडे असतील तर अर्धं कारण तिथेच सापडलं. जाळी फाटली असेल तर नवी घाला. फाटकी जाळी नसल्यापेक्षा वाईट, कारण तिच्या तारा पंपात जातात.

वर खेचनळीचं तोंड दिसेल. बोथट टोकाची सायकलच्या स्पोकइतकी तार आत घाला आणि छर्रा वर ढकला. सोडला की तो टक् आवाज करून स्वतः खाली पडला पाहिजे. अडकत असेल तर रॉकेल फवारून, तारेने वर-खाली करून मोकळा करा. ऐकत नसेल तर आत वार्निशसारखा थर बसलाय. रात्रभर कार्ब क्लिनरमध्ये भिजवा. त्या छर्ऱ्याला स्प्रिंग लावून ‘सुधारणा’ करू नका. रिटर्नचा पंप खेचतो, ढकलत नाही. त्याच्या ओढीला तेवढाही अडथळा पुरतो.

इथे सगळं ठीक असूनही रिटर्न सुस्त असेल तर नळ्या तपासा. जुनी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून सुजून बंद होते. फीडच्या नळीत हे झालं तर ऑइलच पोचत नाही. दोन्ही नळ्या बदलून ऑइलला टिकणाऱ्या नव्या लावा. हे वाहन-रबरवाल्याकडे मीटरवर मिळतं, काटकसर करायची ही जागा नाही. बदलताना उलटसुलट जोडल्या गेल्या का याची शंका असेल, तर स्पार्क प्लग काढा, दोन नळ्यांची टोकं ऑइल भरलेल्या दोन पारदर्शक बाटल्यांत बुडवा आणि किक मारत राहा. ज्या बाटलीतलं ऑइल कमी होतं ती फीडची.

पंप उघडायचा असेल तर

सलग धारेची खूण मिळाली, किंवा छर्रा नवा करूनही चोवीस तासांचा आकडा खाली आला नाही, तर पंप काढावा लागतो. दुसऱ्या प्रकारात गळती बहुतेक छर्ऱ्यापर्यंत येतच नाही. पंपाच्या स्पिंडलमधून किंवा पंप जिथे केसवर बसतो त्या जोडातून ऑइल सरळ क्रँककेसमध्ये जातं, त्यामुळे छर्रा कितीही चांगला असला तरी फरक पडत नाही.

काढण्याआधी फोटो घ्या, प्रत्येक पायरीला एक. बॉडीला चुंबक लावून पाहा. चिकटला तर ओतीव लोखंड, नाही तर जस्ताची मिश्रधातू. दोन्ही प्रकारचे पंप सापडतात. जस्ताची बॉडी वाकडी होते, विशेषतः पूर्वी कुणीतरी गळती थांबवायला बोल्ट आवळत नेले असतील तर.

गिअर बॉडीत ठेवून वर स्टीलची सरळ पट्टी आडवी धरा आणि फिलर गेज घाला. फट ०.०३ ते ०.०५ मिमी असावी. ०.१० चं पातं सहज जात असेल तर तिथूनच ऑइल झिरपतंय. बॉडीची वरची बाजू घासून ही फट कमी करता येते. ६ मिमी जाडीची सपाट काच टेबलावर ठेवा, त्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर, थोडं पातळ ऑइल. बॉडी आठच्या आकड्यात फिरवा, दर दहा-बारा फेऱ्यांनी ती चौथाई वळवा, नाहीतर एका कडेने जास्त घासली जाईल. दर मिनिटाला धुऊन मोजा. शेवटी १००० नंबर. गिअर बॉडीच्या वर डोकावले तर जास्त घासलं गेलंय. झाकण आवळलं की पंप जाम. आणि जाम पंपाने वर्मचे दाते खाल्ले की ऑइल बंद, तेही गाडी पळत असताना. गिअरच्या दातांवर नखाला लागतील अशा खाचा असतील तर घासण्याने काही होणार नाही, पंप बदला.

एकत्र केल्यावर स्पिंडल बोटांनी फिरवून पाहा. हलकी ओढ सगळीकडे सारखी हवी. मग पंप केसवर बसवून, बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत, पुन्हा फिरवून पाहा. हातात मोकळा होता आणि केसवर बसवल्यावर जड झाला तर खालचं पॅकिंग असमान आहे किंवा केसची बाजू सपाट नाही.

पॅकिंग पातळ कागदाचं, पाव मिमीच्या आत. भोकं पाडायला पंपाच्या तळावर काजळी लावून कागदावर ठसा घ्या आणि भोक त्या ठशापेक्षा केसभर मोठंच ठेवा. सिलिकॉन लावायचं नाही. आवळल्यावर ते आतल्या बाजूला फुगतं, पुढे तुटून तुकडा सुटतो आणि कुठल्या तरी छर्ऱ्याखाली जाऊन बसतो. मग ‘नवा छर्रा घालूनही गळतंच’ ही तक्रार सुरू. केसच्या बाजूला शेलॅकचा पातळ हात पुरेसा आहे.

मधल्या वाटेने जाणारे: कॉक

फीडच्या नळीत एक कॉक (उघड-बंद करायची तोटी) बसवला की प्रश्न मिटला, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मिटतो खरा, एक दिवस कॉक उघडायचा राहून जाईपर्यंत. बंद कॉकने दोन-चार किलोमीटरात बिग एंड जातो, आणि या इंजिनाचा क्रँक उघडून परत सरळ जोडणारा माणूस शोधणं हे छर्रा बदलण्याच्या शंभरपट कष्टाचं काम आहे. नळीत बसवायचे स्प्रिंगवाले तयार व्हॉल्व्हही मिळतात. त्यांत विसरायची भीती नाही, पण गिअर पंपाला त्या स्प्रिंगविरुद्ध ओढायला लावणं, तेही पंप जुना असताना, आम्हाला पटत नाही.

लांब काळ गाडी उभी करायची असेल तर टाकीच रिकामी करा. ऑइल स्वच्छ कॅनमध्ये भरा आणि कॅन किकच्या पॅडलला दोरीने बांधा. कॅन सोडल्याशिवाय किक मारता येत नाही, यापेक्षा भरवशाची आठवण नाही.

पुन्हा जोडल्यावर

टाकी न धुता भरू नका. जुन्या टाकीच्या तळाला जो गाळ असतो तो फीडच्या तोंडाशीच बसतो. मूठभर नट-बोल्ट मोजून आत टाका, रॉकेल ओता, दहा मिनिटं हलवा, काढा, पुन्हा मोजा. शेवटी पेट्रोलने खळबळून वाळवा.

ऑइल एसएई ५० मोनोग्रेड. आपल्या हवेत पातळ ऑइल घातलं की झिरपणं वाढतं, एवढं साधं आहे. इंजिन वर्षानुवर्षं जुन्या ऑइलवर चाललं असेल आणि तुम्ही आधुनिक डिटर्जंट ऑइल घातलं, तर जुना चिखल सुटून वाहू लागेल. पहिलं ऑइल २००–३०० किलोमीटरला बदला, जाळी पुन्हा धुवा.

पहिल्यांदा सुरू करताना फीडची नळी पंपाच्या बाजूने सोडून, ऑइल टोकापर्यंत आलेलं बघून मग जोडा. हवा अडकली की गिअर पंप कोरडा फिरत राहतो. स्पार्क प्लग काढून, टाकीचं झाकण उघडं ठेवून किक मारत राहा. नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या संपमध्ये १०० मिलि ऑइल आधीच घाला, म्हणजे रिटर्न लवकर दिसेल. रिटर्नच्या तोंडाशी ऑइल आलं की प्लग लावा.

एवढं होऊनही धूर येत असेल तर तो कधी येतो ते बघा. फक्त सुरू करताना आणि मग निवळतो, तर वेट संपिंग अजून बाकी आहे. गाडी चढावर ओढताना सतत निळा धूर, तर रिंगा. ८२ मिमी बोअरला रिंगेच्या टोकांतली फट ०.२५ ते ०.३३ मिमी असावी, रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनने ढकलून सरळ बसवून मोजा. साइड-व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, त्यामुळे ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या गाडीसारखं गाइडवरून ऑइल खाली ओघळत नाही. ‘गाइड गेलेत’ असं सांगून कुणी हेड उतरवायला निघालं तर त्याला आधी संप काढून दाखवा. क्लच घसरत असेल तर प्रायमरी चेनकेसचं ऑइल मोजा. भरलेल्या क्रँककेसमधून ते ड्राइव्ह बाजूच्या बेअरिंगमार्गे तिकडे जातं आणि पातळी वाढत राहते.

टॅपेटचं झाकण उघडलंच असेल तर थंड इंजिनावर इनलेट ०.०१० इंच म्हणजे ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.०१२ इंच म्हणजे ०.३० मिमी बघून घ्या. मॅग्नेटोच्या पॉइंटची फट ०.०१२ इंच. पुसट पानावर हेच आकडे सर्वात आधी उडालेले असतात. शेडच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा.

त्यांच्याच खाली चोवीस तासांची मोजमापं तारखेसह लिहीत जा: दुरुस्तीनंतर लगेच, एक महिन्याने, मग पावसाळ्यानंतर गाडी बाहेर काढताना. ४० चा आकडा ६० झाला तर थांबा, पुन्हा मोजा. १२० झाला तर छर्ऱ्याचा प्लग उघडायची वेळ झाली.